एकशेचाळीस हात

"शनिवारी जायच्या आधी ती जागा एकदा बघायची होती," आई म्हणाली आणि तिने चहात बिस्कीट बुडवलं.

सोमवारची सकाळ होती. टेबलाशी आई आणि मुलगा, ओट्याशी पाठमोरी सून. कुठली जागा, असं कुणी विचारलं नाही. या घरात 'ती जागा' एकच होती. पंचावन्न वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि नाव संध्याकाळी पाचला बंद व्हायची तेव्हा, पलीकडच्या कौलांच्या कारखान्यात कारकून असलेले बाबा अलीकडे राहणाऱ्या आईला भेटायला नदी पोहून आले होते. नेमके कुठून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांच्या त्या वर्षीच्या डायरीत एवढंच होतं: 'नदी पार. हात मारले १४०.'

मुलगा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे काटे, वजनं आणि मीटरपट्ट्या तपासायच्या, बरोबर असल्या तर शिक्का मारायचा, नसल्या तर जप्त करायच्या, हे त्याचं काम. खात्यात त्याच्याइतका काटेकोर माणूस दुसरा नव्हता, आणि घरात तर तसा कुणी असण्याची गरजच उरली नव्हती. त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने आधी इस्पितळाचा काटा तपासला आणि मग मुलगी ठेवू दिली.

आईचं शनिवारी जाणंही त्याच्या काटेकोरपणातूनच ठरलं होतं. लांबच्या शहरात राहणाऱ्या ताईने फोनवर त्याला सुनावलं होतं, की आई काही तुझ्या एकट्याची नाही. दुसरा कुणी भाऊ असता तर चिडला असता. हा कागद-पेन्सिल घेऊन बसला. बाबा गेल्यापासून आई आपल्याकडे सहा वर्षं आणि ताईकडे सगळी मिळून अकरा आठवडे. माप उघडच कमी भरत होतं. त्याने ताईला लगेच कळवलं, की तुझं बरोबर आहे, आईला कायमची घेऊन जा. आईला विचारलं तेव्हा ती "बरं" म्हणाली होती. ते त्याने होकार म्हणून धरलं.

"बघू की जागा," तो म्हणाला. "हात दिलेत म्हणजे अंतर निघतं. अंतर निघालं म्हणजे जागा निघते."

"म्हणजे आता हे नदी मोजणार," सून ओट्याशी म्हणाली. ती पोस्टात खिडकीवर बसायची आणि लोकांशी काचेतल्या भोकातून बोलायची तिला सवय होती. घरातही ती बहुतेक गोष्टी भिंतीला सांगायची.

मंगळवारी सकाळी निरीक्षक पोहण्याच्या तलावावर गेला. पंचवीस मीटरची लांबी पार करायला त्याला तेवीस हात लागले. त्याने आठ वेळा पोहून सरासरी काढली. तलावाची लांबी खरोखर पंचवीस मीटर आहे का, हे त्याने आधीच टेपने मोजलं होतं. ती सहा सेंटिमीटर कमी भरली, म्हणून त्याने तलावाच्या व्यवस्थापकाला तोंडी समज दिली. हिशेब असा निघाला, की एका हाताला एक मीटर आठ सेंटिमीटर. एकशेचाळीस हातांना एकशे एक्कावन्न मीटर. पाटबंधारे कचेरीतून त्याने नदीचा नकाशा आणला. एवढी रुंदी शहराच्या हद्दीत एकाच ठिकाणी होती, कारखान्याच्या मागे. बाबा कारखान्यातच कामाला. सगळं असं जुळून आलं, की त्याला थोडी काळजीच वाटली. इतकी बरोबर भरणारी मापं त्याने बाजारात पाहिली नव्हती.

आता फक्त प्रत्यक्ष पडताळणी राहिली होती. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो स्कूटरवरून पुलापलीकडे गेला. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, माणूस कुणी नव्हता. स्कूटर भिंतीशी लावली, कपडे नीट घडी करून सीटखालच्या डिक्कीत ठेवले, मोबाइल आणि किल्ली चपलांसकट झुडपात दडवली आणि पोहण्याच्या चड्डीवर तो पाण्यात उतरला. मोठ्याने मोजत पोहत जायचं, पलीकडे टेकायचं, दम खायचा आणि परत यायचं, असा बेत होता.

पहिले साठ हात उत्तम गेले. सत्तराव्या हाताला त्याने मान वर काढली, तर समोर असायला हव्यात त्या पलीकडच्या घाटाच्या पायऱ्या बऱ्याच डावीकडे गेल्या होत्या. पायऱ्या जागच्या हलत नाहीत, त्याअर्थी तो हलत होता. तलावातल्या पाण्याला वाहण्याची सवय नसते, हा मुद्दा हिशेबात आला नव्हता. एकशेचाळिसाव्या हाताला सगळीकडे पाणीच पाणी होतं. तरी त्याने मोजणं सोडलं नाही. एकशे सत्याऐंशीला पायाला चिखल लागला, आणि त्याच क्षणी डाव्या पोटरीत असा गोळा आला, की परत पोहत जाण्याचा बेत तिथेच रद्द झाला.

तो काठावर चढला. समोर बाजाराची मागची बाजू होती. कपडे नदीच्या पलीकडे, पूल दीड किलोमीटर वर, आणि पुलाकडे जाणारा रस्ता एकच, बाजारातून.

या बाजारात असं एक दुकान नव्हतं, की ज्याच्या काट्यावर त्याचा शिक्का नव्हता. आणि तपासायच्या माणसाकडून काही घ्यायचं नाही, हा त्याचा नियम होता. तेवीस वर्षांत त्याने या रस्त्यावर पेलाभर पाणीसुद्धा प्यायलेलं नव्हतं. कडक उन्हाळ्यात घसा कोरडा पडला, तर तो तपासणी अर्धवट सोडून घरी जाऊन पाणी पिऊन यायचा.

पहिलं दुकान कापडवाल्याचं. गेल्याच महिन्यात त्याची मीटरपट्टी चार मिलिमीटर कमी भरली म्हणून जप्त झाली होती. समोरून निरीक्षकसाहेब ओल्या चड्डीवर लंगडत येताना पाहून तो आधी आत पळाला, मग माणुसकी जागी होऊन टॉवेल घेऊन बाहेर आला.

"साहेब, घ्या. पूर्ण मापाचा आहे."

"नको," निरीक्षक म्हणाला.

"अहो, वापरून परत करा."

"नको म्हटलं ना."

त्याच्यापुढचा भंगारवाला म्हणाला, की हातगाडीवर आडवे व्हा, वरून ताडपत्री टाकतो, कुणाला कळणार नाही. भांडीवाल्याने दोन मोठी ताटं देऊ केली, एक पुढून आणि एक मागून धरायला. निरीक्षकाने सगळ्यांना नकार दिला आणि मान ताठ ठेवून चालत राहिला. पायाखालचा डांबरी रस्ता तापला होता, त्यामुळे चाल मात्र मानेइतकी भारदस्त राहिली नव्हती.

इथपर्यंत ही एका माणसाची फजिती होती. ती सार्वजनिक झाली धान्यवाल्याच्या दुकानापाशी. दाराशीच पोती तोलायचा मोठा काटा होता, आणि त्यावरच्या शिक्क्याची मुदत सरून नऊ दिवस झालेले निरीक्षकाला चालता चालता दिसले. तो दोन पावलं पुढे गेला. मग थांबला. मुदत संपलेला काटा पाहून न पाहिल्यासारखं करणं त्याला कपड्यांत जमलं नसतं, मग कपड्यांशिवाय का जमावं? तो मागे आला आणि काट्यावर चढला. प्रमाणित वजनं जवळ नव्हती, पण स्वतःचं वजन त्याला दशांशापर्यंत पाठ होतं. अडुसष्ट किलो चारशे. ओली चड्डी आणि अंगावरचं पाणी मिळून दोनशे धरले. काटा दाखवत होता सहासष्ट नऊशे.

"एक किलो सातशे कुठे गेले?" त्याने विचारलं.

धान्यवाल्याने आधी काट्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. तेवीस वर्षांत त्याने खात्याच्या अनेक तऱ्हा पाहिल्या होत्या. खुद्द निरीक्षक उघड्या अंगाने प्रमाणित वजन होऊन काट्यावर उभा राहील, ही तऱ्हा नवी होती.

बातमी निरीक्षकाच्या पुढे धावली. खात्याची नवी पद्धत आली आहे. साहेब आता नदीतून येतात, म्हणजे नाक्यावरच्या पोराला इशारा द्यायला वेळ मिळत नाही. कपडे घालत नाहीत, म्हणजे खिशात काही सरकवता येत नाही. पद्धत विचारपूर्वक काढलेली आहे, यावर बाजाराचं एकमत झालं. तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळे काटे पुसून शून्यावर आणले गेले होते.

पुलाच्या तोंडाशी, नदीकाठावर, एक छोटी खोली होती. नदीची पातळी दिवसातून तीनदा वहीत लिहिणारा एक कर्मचारी तिथे बसायचा. पाण्यात रोवलेल्या आकड्यांच्या पट्टीवरून पाणी कुठे आहे ते वाचायचं, एवढीच त्याची नोकरी. त्याने निरीक्षकाकडे पाहिलं, खुंटीवरचा सरकारी रेनकोट काढला आणि पुढे केला. निरीक्षकाने क्षणभर विचार केला. हा व्यापारी नव्हता, सरकारी माणूस होता. त्याने रेनकोट घेतला आणि एका चिठ्ठीवर रीतसर पोच लिहून दिली.

"तुम्ही काही विचारलं नाहीत," तो बटणं लावत म्हणाला.

"मला नदी किती आहे विचारा, सांगतो," पातळीवाला म्हणाला. "नदीतून कोण निघालं, का निघालं, ते माझं काम नाही."

निरीक्षकाला तो माणूस फार आवडला.

गुरुवारी कचेरीत पत्र तयारच होतं. पोहण्याच्या पोशाखात तपासणी करण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे, याचा खुलासा वरिष्ठांनी मागवला होता. त्याने उत्तर दिलं, की पोशाखाबाबत नियम मौन बाळगून आहेत आणि काट्यातला दोष पोशाखाने बदलत नाही. संध्याकाळी सून बाजारातून पिशव्या घेऊन आली ती खुशीत. प्रत्येक दुकानदाराने तोलून झाल्यावर वर मूठभर जास्त घातलं होतं. निरीक्षकाने घरच्या काट्यावर साखर ठेवली. किलोला बेचाळीस ग्रॅम जास्त.

"हाही दोषच आहे," तो म्हणाला. "जास्त माप म्हणजे चुकीचंच माप."

"मग वरची साखर परत नेऊन द्या," सून भिंतीला म्हणाली. "जाताना कपडे तेवढे घाला."

आई हसली नाही. तिने विचारलं, की जागेचं काय झालं. आता एकच दिवस उरला होता. बाबांची जागा शोधून देतो असं तो बोलून बसला होता, आणि ती न बघता आई कायमची नदी नसलेल्या शहरात जाणार होती. तेवीस वर्षांत त्याचा एकही अहवाल अपूर्ण राहिला नव्हता. पण त्या रात्री जेवताना त्याला जे खुपत होतं, ते अहवालापेक्षा वेगळं होतं, आणि ते किती आहे हे त्याला मोजता येत नव्हतं.

शुक्रवारी त्याने भाड्याची गाडी केली आणि आईला घेऊन तो पलीकडे कारखान्याच्या मागे गेला. तिथे उभं राहून त्याने तिला सगळं समजावून सांगितलं: तलाव, सरासरी, नकाशा. एकशे सत्याऐंशी हात झाले ते प्रवाहामुळे, असंही सांगितलं. आई हात पाठीशी बांधून पाण्याकडे बघत राहिली.

"ही नव्हे," ती म्हणाली. "इतकी रुंद नव्हती."

"आई, हिशेब आहे हा. एकशेचाळीस हात म्हणजे एवढीच रुंदी येते."

"कुणाचे हात धरलेस?"

"माझे. बाबांची उंची माझ्याएवढीच होती. हात तेवढेच असणार."

आईने मान हलवली. मग सांगू की नको असा थोडा विचार करून म्हणाली, "डायरीतलं अक्षर त्यांचं आहे. हात माझे आहेत."

निरीक्षकाला आधी काही कळलंच नाही. आईने ते सावकाश, पाण्याकडे बघतच सांगितलं. बाबांना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातही ते कुणाचा तरी दंड धरायचे. पोहून गेली ती आई, या काठावरून त्या काठावर नव्हे तर तिकडून इकडे, आणि बाबा या काठाला कोरड्यात उभे राहून तिचे हात मोजत होते. आपण मोजायचं थांबलो तर ही बुडेल, असं त्यांना वाटत होतं. ती बाहेर आली तेव्हा दम त्यांना लागला होता.

"मग मला कधी कुणी सांगितलं का नाही?"

"तू आठ वर्षांचा होतास. डायरी वाचलीस आणि शाळेत निबंध लिहिलास, माझे शूर बाबा. पहिला नंबर आला. तुझ्या बाबांनी तो चौकट करून भिंतीवर लावला. मग कोण सांगणार?"

"त्यांनी तरी."

"ते लाजायचे. पुढे पुढे तर त्यांना वाटायलाच लागलं होतं, की आपण पोहलो असू. एकदा मला वाटेत पाणी किती गार होतं ते सांगत होते."

निरीक्षक काठावरच्या दगडावर बसला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची मापं तपासली होती, आणि एकशेचाळीस ज्या मापाने मोजले ते माप कुणाचं, एवढं मात्र त्याने तपासलं नव्हतं. पण तो फार वेळ बसून राहणारा माणूस नव्हता. खिशातून टेप काढून त्याने आईचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मोजला. मग स्वतःचा मोजला. आईने हात पुढे धरून ठेवला, शिंप्याकडे धरावा तसा. प्रमाण काढलं, वय वजा केलं, एकवीस वर्षांच्या मुलीचा जोर अंदाजाने धरला. एकशे बारा मीटर आले, चारपाच इकडे तिकडे.

"पण आई, तू स्वतः पोहलीस. तुला जागा आठवत असेल की."

"मी पाण्यात होते," आई म्हणाली. "पाण्यातून सगळे काठ सारखेच दिसतात. म्हणून तर तुला शोधायला सांगितलं."

हे निरीक्षकाला पटलं. एकशे बारा मीटर रुंदी कुठे आहे, आणि पंचावन्न वर्षांपूर्वी पाणी किती होतं, हे सांगू शकेल असा माणूस एकच होता. रेनकोटही परत करायचा होता. पूल ओलांडून त्याने गाडी पातळीवाल्याच्या खोलीपासून थोडी अलीकडे थांबवली. आई गाडीतच बसली.

पातळीवाल्याने रेनकोट घेतला, पोचेची चिठ्ठी परत दिली. प्रश्न ऐकून जुनी वही काढायला तो उठलाच नाही.

"एकशे बारा? इथेच. सगळ्या शहरात नदी इथे अरुंद आहे, म्हणून तर पूल इथे बांधला." मग त्याची नजर खिडकीतून गाडीकडे गेली. "त्या बाई तुमच्याबरोबर आहेत?"

"माझी आई."

"असं होय. दर गुरुवारी येतात की. साडेचारच्या बसने. खाली त्या पायऱ्यांवर बसतात, पाय पाण्यात सोडून. कालसुद्धा होत्या. मी आपणहून विचारत नाही कुणाला. त्याच एकदा म्हणाल्या, की इथून मी एकशेचाळीस हातांत पलीकडे गेले."

दर गुरुवारी साडेचारला आई गुडघ्यांच्या व्यायामाला जाते, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षं जाते. गुडघ्यांना गुण का येत नाही, याबद्दल निरीक्षकाने त्या व्यायामशाळेला एकदा लेखी विचारणाही केली होती. त्यांचं उत्तर आलं होतं, की अशा नावाची बाई आमच्याकडे येत नाही. त्यावर त्यांची नोंदवही सदोष आहे, असा त्याने शेरा मारला होता.

तो खिडकीशी उभा राहिला. खाली चार पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. सगळ्यात खालची मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. आईने होकार दिला होता की नुसतं "बरं" म्हटलं होतं, याचा विचार त्याने आता पहिल्यांदा केला. जागा शोधायला सांगून तिने आठवडाभर काय मागितलं, तेही त्याला हळूहळू दिसायला लागलं. त्याला वाटलं होतं, की ती जागा मागते आहे.

तो गाडीत येऊन बसला. आईने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं,

"काय म्हणाला?"

निरीक्षकाने तेवीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटा आकडा लिहिला नव्हता की बोलला नव्हता. त्याने घसा साफ केला.

"पाणी वाढतंय म्हणाला. पातळी स्थिर झाल्याशिवाय रुंदी धरता येणार नाही, आणि रुंदी नाही तर जागा सांगता येणार नाही."

"अगं बाई. मग उद्याचं कसं?"

"उद्याचं राहील."

"किती दिवस लागतील?"

"नदीचं काय सांगावं. हा मोसम जाईल. कदाचित पुढचासुद्धा."

"बरं," आई म्हणाली. या वेळचं "बरं" कसं वेगळं होतं, ते त्याने ऐकलं. "ताईला मात्र तूच सांग. ती ऐकायची नाही."

"सांगतो. सरकारी आकडा आहे म्हणून सांगतो."

गाडी सुरू झाली. आई खिडकीबाहेर नदीकडे बघत होती, निरीक्षक समोर रस्त्याकडे. मागे पातळीवाला चारची नोंद घ्यायला वही घेऊन पट्टीपाशी उतरला. पाणी सकाळी होतं तिथेच होतं.